धुडकू मिस्तरींचं कलाभवन

पौष महिना, दुसरा सोमवार. कलाभवनासाठी जमलेली वर्गणी नऊ लाख चाळीस हजार. हजर तिघे: जिनिंगवाले हिराभाई, वर्गणीचा हिशेब ठेवणारा मी आणि धुडकू मिस्तरी. शहरातून करून आणलेला नकाशा मी टेबलावर पसरला. मिस्तरींनी तो न बघताच गुंडाळून माझ्या हाती दिला.

"कागद नको, आप्पा. उभं शे ते दखाडा."

मिस्तरी चाळीस वर्षं असंच बांधत आले होते. साधं न्हाणीघर असलं तरी आधी कोणाचं तरी बघून येत, गाठी मारलेल्या दोरीनं मोजत आणि तसंच्या तसं उभं करत. म्हसावदला आमच्या गल्लीत अकरा घरांच्या उंबऱ्याला पाहुणे अडखळतात. मूळ उंबरा चुकलेला होता.

कलाभवनाच्या नमुन्यासाठी आम्ही तेरा इमारती पाहिल्या. मिस्तरी आत जात, टाळी वाजवत, गाण्याची एक ओळ म्हणत आणि नाही म्हणून मान हलवत. चौदावी हिराभाईंच्या जिनिंगची शेड. तिथे टाळी एकदाच ऐकू आली, स्वच्छ. डोंगरातल्या मोलगी गावच्या ढोलाला अशीच जागा हवी, म्हणाले, आणि कापसाच्या ढिगांवर चढून मोजमाप घेतलं. साठ बाय तीस, उंची अठरा. हे त्यांचं शेवटचं काम होतं. आवाज बरोबर आला नाही तर मजुरीचा रुपया घेणार नाही, असं आम्हा दोघांसमोर बोलले.

वैशाखात भवन उभं राहिलं. वितीचाही फरक नव्हता. उद्घाटनाला आठ दिवस असताना गावातल्या निवृत्त हेडमास्तरांना चाचणीपुरते दोन शब्द बोलायला लावले. प्रत्येक वाक्य तीनदा परत येऊ लागलं. मास्तर सभ्य, समोरून कोणी बोलतंय म्हटल्यावर थांबत. दोन शब्दांना चाळीस मिनिटं लागली. शेवटी त्यांनी समोरच्या वक्त्याचे आभार मानले. समोरच्यानंही मानले, तीनदा.

मिस्तरींनी भिंतभर हात फिरवला. मग म्हणाले, "तठे कापूस व्हता, आप्पा. मी कापूस मोजा नही."

हिराभाईंनी भवनातही कापूस भरायचं सुचवलं. मग माणसं कुठे बसवायची, मी विचारलं. मिस्तरी दुसऱ्या दिवसापासून दारोदार गोधड्या मागत फिरले. त्र्याहत्तर मिळाल्या. अदलाबदल नको म्हणून बायकांनी प्रत्येकीवर नाव टाचलं. उद्घाटनाला मोलगीचे ढोलवाले आले त्या दिवशी अर्धा गाव भिंतींवर आपापली गोधडी शोधत होता. पहिली थाप पडली आणि एकदाच ऐकू आली. मिस्तरी दाराशी डोळे मिटून शेवटपर्यंत उभे राहिले.

थंडीआधी गोधड्या परत करायच्या होत्या. मी मजुरीचे बेचाळीस हजार मिस्तरींपुढे ठेवले. आवाज बरोबर आलाय, आता घ्या, म्हटलं. त्यांनी हात लावला नाही.

"आवाज मी नही आना, कापूसनी आना. पैसा पिंजारीले द्या, भिंतीसले गाद्या भरी ल्या."

हिराभाईंनी चिडून विचारलं, मग घरी काय गाद्या खाणार?

मिस्तरी गेले त्याला आता वर्ष होईल. भिंतींवर चाळीस गाद्या आहेत. बेचाळीस हजार रुपये पिंजाऱ्याला दिले. पावतीवर देणाऱ्याच्या जागी कलाभवन समितीचं नाव होतं. ते खोडून मी धुडकू मिस्तरींचं लिहिलं.