राखी लुगडं

दोन महिन्यांपूर्वी एका बुधवारी दुपारी आमच्या आसेगावहून घरचा गडी मंगरूळपीरला माझ्या शाळेत आला. काकू गेली, असं त्यानं सांगितलं. मिळाली त्या मोटारीनं मी घरी गेलो.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेले तेव्हा तिनं पंचविशीही गाठली नव्हती. गावातल्या बाकी घरांच्या विधवा गडद लुगडी नेसत. काळ्या मातीत राबणारीनं दुसरं काय नेसावं? पण मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, यांना घराचा मोठेपणा मिरवायचा होता. म्हणून काकूनं पांढरंच नेसायचं. आणि घरात हात कमी, म्हणून वावरात तण निंदायलाही तिनंच जायचं. हे दोन हुकूम एकाच तोंडातून निघत आणि त्या तोंडाला कधी अडखळायला झालं नाही...

वावरातून आली की ती चिखल वाळू द्यायची. ओल्यावर घासलं तर काळी माती सुतात शिरते. वाळल्यावर चोळून झाडायची, मग लुगडं रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची. एवढं करूनही काठाशी करडी झाक राहायची आणि मोठे बाबा ओसरीवरून नेमकी तेवढीच बघायचे.

एका उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो, तर परसात हंड्यात बाभळीच्या शेंगा उकळत होत्या. काकूनं त्या पाण्यात अख्खं लुगडं बुडवलं, मग तळ्यातल्या काळ्या गाळात तुडवलं. धुऊन निघालं ते राखेच्या रंगाचं. हे काहून, असं मी विचारलं.

"आता डाग शोधा म्हना त्याईले," ती म्हणाली. "सापडला तं मले बी दाखवजो."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी तिला विहिरीवर बसवलं. पांढरं होईस्तोवर उठायचं नाही. सोडा झाला, रिठे झाले, दगडावर आपटून झालं. पाण्याला आलेल्या बाया घागरी घेऊन खोळंबल्या. थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती, म्हणून काकू त्या बायांकडे बघत, पण मोठ्या बाबांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माती असती तं निंघाली असती वो बाई. हा रंग व्हय."

मोठ्या बाबांनी कोरं पांढरं लुगडं आणवलं. ती शेवटपर्यंत पांढऱ्यातच निंदत राहिली.

त्या बुधवारी तिच्या पेटीतून मी ते राखी लुगडं काढलं आणि तिच्या अंगावर हेच घाला म्हणालो. घराची रीत मोडायची नाही, मोठे बाबा म्हणाले. अंगणात जमलेल्यांना तेच सांगत होते, "जलमभर पोरीनं डाग लागू देल्ला नाई." लोक माना डोलवत होते. ज्या डागांपायी तिचे हात सोलले, तेच आता घराच्या अब्रूत जमा झाले. दोन महिने होत आले, ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही...

काकूला पांढऱ्यात नेलं. राखी लुगडं मी मंगरूळपीरला आणलं. ते माझ्या खोलीत दांडीवर आहे.