एकतीस राजे आणि माझी चिठ्ठी

गेल्या गुरुवारी आमच्या कॉलनीतली घरप्रार्थना विमलमावशींकडे होती आणि मेसेज, म्हणजे बायबलवरचं छोटं प्रवचन, द्यायची पाळी माझी होती. सोलापूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत ही जुनी पद्धत आहे… दर आठवड्याला एका घरी जमायचं, दोन गीतं, मेसेज, प्रार्थना आणि मग चहा.

तिथे जे झालं ते शीलाताईंना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, लिही, पण स्वतःला वाचवू नकोस.

विषय मी मोठ्या उत्साहाने निवडला होता… बायबलमधल्या यहोशवा सेनापतीने जिंकलेले कनान देशाचे एकतीस राजे. त्यातले पाच जण हरल्यावर गुहेत लपले, यहोशवाने त्यांना बाहेर काढलं आणि आपल्या सरदारांना त्यांच्या मानेवर पाय द्यायला सांगितलं. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी वीस वर्षं शिकवतेय. मुलांना भयंकर आवडते, मलाही.

मेसेज रंगला. मी म्हटलं, ते राजे आता आपल्या मनात राहतात… राग, हेवा, लोभ, मोबाईलचा नाद. देवाने दिलेली जमीन त्यांनी बळकावलीय, ती सोडवायची तर दयामाया नाही.

मग मी सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी दिली. आपल्यावर राज्य करणाऱ्या राजाचं नाव लिहा, चिठ्ठी पायाखाली ठेवा आणि प्रार्थना करा. शेवटी सगळ्या चिठ्ठ्या अंगणात जाळायच्या, असा माझा प्लॅन होता. आयडिया युट्यूबवरची, पण ते मी काही सांगितलं नाही.

विमलमावशी मूळच्या वैरागच्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी चिठ्ठी हातातच धरून ठेवली. लिवलेल्या कागदाला पाय लावायचा न्हाय, आईनं शिकवलंय, म्हणाल्या. मी शाळेतल्या पोराला समजवावं तसं हसून त्यांना समजावलं की मावशी, हे आत्मिक आहे, इथे चालतं. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी हातातच ठेवली.

आता माझ्या चिठ्ठीवर मी काय लिहिलं? वह्या तपासायच्या लाल पेनने, ठसठशीत अक्षरात… शीलाताई.

शीलाताई आमच्या क्वायरच्या लीडर आहेत. नाताळच्या कार्यक्रमातलं सोलो मी बारा वर्षं गात होते. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या की मीना, तुझा आवाज बसलाय, आणि ते गाणं त्यांनी स्वतः गायलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. चर्चमध्ये त्या डावीकडे, मी उजवीकडे.

आणि त्या दिवशी त्या माझ्यापासून चार हातांवर, त्याच चटईवर बसल्या होत्या. मी डोळे मिटले, टाच दाबली आणि खणखणीत आवाजात विजयाची प्रार्थना केली. खोटं कशाला बोलू… छान वाटलं.

आमेन झालं तशा बायका भोवती जमल्या. काय सुंदर मेसेज झाला, डोळ्यांत पाणी आलं वगैरे. मी फुगले, उठले आणि चहाला गेले… चिठ्ठी तिथेच चटईवर राहिली.

मावशींचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून खालच्या चिठ्ठ्या शीलाताई ताटात गोळा करत होत्या. मी कप घेऊन वळले तेव्हा त्या माझ्या जागेपाशी थांबल्या होत्या. लाल शाई, माझं अक्षर, उघडा पडलेला कागद.

त्या चिडल्या नाहीत. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं आणि नुसतं एक थकलेलं म्हातारपण उरलं. चिठ्ठी त्यांनी ताटात टाकली नाही, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चहा न घेता निघून गेल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण… ही म्हण मी पोरांना फळ्यावर लिहून दिलीय. घरी येईपर्यंत मला स्वतःची किळस आली होती. हेवा लिहिला असता तरी चाललं असतं, राग लिहिला असता तर खरं झालं असतं. मी एका माणसाचं नाव लिहिलं आणि वर देवाला साक्षीला बसवलं.

दोन दिवस धीर झाला नाही. शनिवारी सकाळी त्यांच्या दारात गेले. रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरले, एवढंच म्हणाले की ताई, मी फार वाईट वागले, मला माफ करा.

त्या दाराला धरून उभ्या होत्या.

"मी काय लिवलं हुतं, म्हाईत हाय का?" त्यांनी विचारलं. "आवाजाचा गर्व. तुजं गाणं काडून घेतलं, ते दोन वर्सं खातंय मला. तुज्याच तोंडून मेसेज ऐकला आनि ठरवलं, आज चहाच्या वक्ताला मीनाशी बोलायचं."

मला रडू फुटलं. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं.

"माफ केलं म्हनत न्हाय आत्ताच," त्या म्हणाल्या. "लई लागलंय. पन येत जा."

एवढ्यावर मी निघाले आणि त्याबद्दल देवाचे आभार मानते, कारण माझी लायकी तेवढीही नव्हती.

या रविवारी संडे स्कूलमध्ये एका मुलीने पुन्हा तीच गोष्ट मागितली. मला सुरुवातच करता येईना. वीस वर्षं ही गोष्ट मी पाय ठेवणाऱ्यांच्या बाजूने सांगत आले. मानेवर पाय पडताना त्या राजांचे चेहरे कसे झाले असतील, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आता त्यातला एक चेहरा मी पाहिलाय… आणि टाच माझी होती.