वेनच्या सायकलचं सीट

चला, पैज. या सगळ्याचा दंड शेवटी कुणाला बसला, ते आत्ताच ओळखून ठेवा. चिनी बाईला, माझ्या सुनेला, मला, का परीक्षा घेणाऱ्या साहेबाला? मनात ठेवा, बोलू नका. ज्याचं बरोबर येईल त्याला माझ्याकडनं चहा. आजवर एकालाही पाजायला लागला नाही.

जर्मनीत लोक रिकाम्या बाटल्या तळघरात साठवतात. दुकानात परत द्यायच्या असतात म्हणून टाकवत नाहीत, आणि न्यायचा कंटाळा म्हणून हलत नाहीत. माझे किस्से तसेच साचलेत. आज पिशवी भरून वर आणलीय. खळखळ वाजली तर सहन करा.

तर मी आप्पा. विट्याला मंडप-डेकोरेशनचा धंदा. शिक्षण म्हणाल तर सही येते आणि आकडे कळतात. पोरगा प्रशांत जर्मनीत इंगोलश्टाटला, गाड्यांच्या पार्टचा इंजिनीयर. सून अश्विनी पुण्याची, इंग्लिश मीडियमची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा मी दर उन्हाळ्यात तीन महिने त्यांच्याकडं जायचो.

आणि वेन. प्रशांतच्या ऑफिसातली, चीनची. चणीनं एवढीशी, कामाला वाघ. ऑफिसात जर्मन फाडफाड बोलायची, पण इंग्रजी म्हणलं की तोंडाला कुलूप. नवरा कॅनडात शिकत होता, पाच वर्षांची पोरगी चीनमध्ये आजीजवळ, आणि ही इथं. तीन माणसांचं घर तीन देशांत. कॅनडात सगळ्यांनी एकत्र राहायचं तर हिच्या नावानं कागद व्हायचे होते, आणि त्याला इंग्रजीच्या परीक्षेत चांगले मार्क लागायचे. लिहिण्या-वाचण्यात झकास. बोलण्यात दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा बसणार म्हणून अश्विनी तिला आमच्या किचनमधल्या टेबलावर शिकवायला लागली.

*

चिनी पोरं लई हुशार. कुणी परीक्षा देऊन आला की कोणते प्रश्न आले ते इंटरनेटवर टाकणार, आणि बाकीचे त्यांची उत्तरं पाठ करणार. वेनकडं सगळी उत्तरं तयार होती. अडचण एवढीच, की समोरच्या साहेबाला ते कळायचं. तीच उत्तरं ऐकून ऐकून त्याचेही कान किटलेले.

अश्विनी म्हणली, "एखाद्या झाडाबद्दल सांग."

वेन सुरू. झाड तिच्या आजीच्या अंगणात होतं. आजी भल्या पहाटे उठायची. आजी लई कष्टाळू. झाड राहिलं बाजूला.

"आवडत्या शिक्षकाबद्दल सांग."

शिक्षक आजीच्या शेजारी राहायचे. आजी भल्या पहाटे उठायची.

अश्विनीनं डोकं धरलं. म्हणली, "बरं, कॉम्प्युटरबद्दल सांग. आता कुठून आणशील आजी?"

वेननं जरा विचार केला, आणि आजीला कॉम्प्युटर घेऊन दिला.

मी म्हणलं, यात चुकलं काय? आमचा पण मंडप एकच. लग्नाला लाल कापड, पुढाऱ्याला पांढरं. खांब तेच.

"अहो आप्पा," अश्विनी म्हणली, "तुमच्या खांबांना कोणी मार्क देत नाही."

*

अश्विनी पोळ्या करायला उठली की परीक्षा कोण घेणार? मी. तिनं मला एकच शब्द शिकवला, व्हाय. "ती थांबली की एवढंच म्हणायचं, आप्पा. पुढचं ती बघेल." मी प्रशांतचा टाय गळ्यात घालून साहेबासारखा बसलो.

"माय नेम इज वेन."

"व्हाय?"

बाईनं सगळी उत्तरं मनात चाळून बघितली. यावर एक पण नव्हतं. मग म्हणली, "माय फादर गिव्ह."

"व्हाय?"

"आप्पा, धिस क्वेश्चन नेव्हर कम!"

"व्हाय?"

वेन उठली, हसत हसत माझ्याजवळ आली आणि टायची गाठ वर सरकवली. इतकी वर, की पुढचा व्हाय बाहेरच आला नाही.

*

एकदा ती जेवायला थांबली. मी प्रशांतला म्हणलं, तिला सांग, परीक्षेला बसणाऱ्यानं आमच्या घरात एक हिरवी मिरची खायची असते. रीत आहे.

"आप्पा, काहीतरी काय." पण सांगितलं बिचाऱ्यानं.

वेननं मिरची देठापर्यंत खाल्ली. डोळ्यात पाणी नाही का नाकात नाही. देठ ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि प्रशांतला जर्मनमध्ये काहीतरी बोलली.

"काय म्हणते रे?"

"म्हणते, त्यांच्याकडंही रीत आहे. जो मिरची देतो, त्यानं दोन खायच्या."

तिच्या गावात तिखटाशिवाय न्याहारी होत नाही, हे मला दुसऱ्या मिरचीनंतर कळलं.

*

आता सायकल. वेन शिकायला सायकलवर यायची आणि ती आमच्या बिल्डिंगखाली लावायची. मी विट्याहून येताना बॅगेत पाना टाकलेला. मंडपवाल्याला पान्याशिवाय झोप येत नाही. ती वर शिकायला बसली की मी फिरायला म्हणून खाली, आणि सीट बोटभर वर. पुढच्या वेळी परत बोटभर. एकदम काही करायचं नसतं. सीटवर कुणी संशय घेत नाही.

थोड्या दिवसांनी वेन अश्विनीला विचारते, माझ्या वयाची बाई उंचीला कमी होते का? पाय पेडलला पुरत नाहीत, पोटऱ्या दुखतात. अश्विनीनं तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. बाई खायची बरं का, रोज.

मग एका दुपारी शिकवणी लवकर संपली. वेन खाली आली, तर मी तिच्या सायकलशेजारी उकिडवा, हातात पाना.

आधी चिनी सुटली. मग तिच्या लक्षात आलं, की हे म्हाताऱ्याला कळत नाही. मग जर्मन. ते पण कळत नाही. मग इंग्रजी. ती पण कळत नव्हती, पण मी मान हलवत होतो, म्हणून तिला वाटलं कळते. मग काय! पाना, सीट, गोळ्या, पोटऱ्या. हातवारे करून, मला ढकलून, सायकलला लाथ मारून. समोरच्या बाल्कनीतली म्हातारी ओरडली, "रूए बिटे!" म्हणजे, जरा शांत बसा. वेन तिच्याकडं वळली आणि तिला पण सगळं पहिल्यापासून इंग्रजीत सांगितलं, गोळ्यांसकट.

त्या परीक्षेत न थांबता दोन मिनिटं बोलायचं असतं. वेनची गाडी अर्ध्यातच बंद पडायची. आता वर खिडकीत अश्विनी उभी, नजर घड्याळावर. "वेन, डोन्ट स्टॉप! डोन्ट स्टॉप!"

वेन दमून थांबली तेव्हा अश्विनी वरनं मला मराठीत म्हणली, "आप्पा, साडेतीन मिनिटं! आणि आजी एकदाही आली नाही!"

*

त्या दिवसापासून शिकवणीची तऱ्हाच बदलली. "अहो आप्पा, आज अजून काहीच केलं नाहीत? वेन येईल इतक्यात." सून सासऱ्याला खोडी काढायला बसवते, असं भाग्य आमच्या विट्यात कुणाच्या नशिबी नाही. पण हुकमावर खोडी काढणं म्हणजे डॉक्टरनं सांगितलं म्हणून हसणं. जमत नाही हो.

वेनजवळ कायम थर्मास असायचा, त्यात नुसतं गरम पाणी. उन्हाळा असो का काही असो. मी त्यात मूठभर ओवा टाकला. ती प्याली आणि म्हणली, पोटाला बरं वाटलं, घरी न्यायला थोडा द्या. फुकट गेली खोडी.

मग तिच्या रेनकोटची बाही आतनं शिवून टाकली. हात घातला तो अडकला, डोकं पण आतच, आणि बाईनं रेनकोटाच्या आतनं इंग्रजी सुरू केलं. तेवढ्यात प्रशांत कामावरनं आला. दारातच उभा राहिला.

"ही शिकवणी आहे?"

"शू," अश्विनी म्हणली, "रेकॉर्डिंग चालू आहे."

*

एकदा मी तिचा एक बूट फ्रिजमध्ये ठेवला.

ती निघाली, एक बूट दिसेना. माझ्याकडं बघितलं आणि सुरू झाली. चांगलं चाललं होतं, जोरात, एकातनं एक वाक्य निघत होतं. आणि मधेच गप्प. अश्विनीनं विचारलं, शब्द अडला का? वेननं मानेनंच नाही म्हणलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

मी म्हणलं, काय झालं गं?

अश्विनी म्हणली, "ती जर्मनीला निघाली ना आप्पा, त्या दिवशी मुलीनं तिचा एक बूट लपवला होता. एका बुटावर कशी जाईल, म्हणून. हिनं दुसरे बूट घातले आणि गेली. तेव्हापासून मुलगी फोनवर येत नाही."

मी फ्रिज उघडला. बूट गारढोण झाला होता. टॉवेलात धरून जरा चोळला, मग दिला.

*

परीक्षा म्युनिकला. आम्ही तिघं रेल्वेनं निघालो, मी, अश्विनी आणि वेन. मला घरी एकटं ठेवायची कुणाची छाती नव्हती. स्टेशनवर अश्विनीनं मला बाजूला घेतलं.

"आप्पा, आज तिचं सगळं पणाला लागलंय. एकही खोडी नाही. प्रशांतची शपथ घ्या."

घेतली. गाडीत देवासारखा बसलो. बाहेर शेतात उंच खांब आणि तारा, बिअरमध्ये घालतात त्या वेलींचे. मंडपवाल्याला बघायला बरं, म्हणून बघत बसलो.

वेननं बूट तपासले. दोन्ही होते. बाह्या तपासल्या, उघड्या. थर्मासचा वास घेतला, साधं पाणी. मग माझ्याकडं बघायला लागली.

"आप्पा, यू ओके?"

"येस."

ती अश्विनीशी कुजबुजली. माझा हात हातात घेऊन बघितला. थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून पुढं केलं. गरम पाणी काय, मी आजारी आहे का, असं म्हणून मी कायम ढकलायचो. आज म्हणलं, शपथ आहे, नाही कशाला म्हणा. प्यालो.

पाणी प्यालो तशी बाईचा चेहराच उतरला. परीक्षेच्या दारातनं आत जाताना तीनदा मागं वळून बघितलं. अश्विनी म्हणली, "संपलं. लक्षच नाही तिचं." आम्ही बाकावर बसलो. मी तर म्हणलं, आता ती चीनमधली पोरगी आणि तिची आई काही भेटत नाहीत.

आत काय झालं ते वेननं परत येताना सांगितलं. साहेबानं कार्ड दिलं, एखाद्या प्रवासाबद्दल बोला. वेनचा प्रवास पाठ होता, आजीबरोबर डोंगरावर गेलेला. पण आजी काही केल्या आठवेना. डोळ्यापुढं बाकावरचा म्हातारा. मग तिनं आज सकाळचाच प्रवास सांगितला. म्हणली, साहेब, एक म्हातारा आहे, रोज मला छळतो. माझं सीट वर करतो, बाही शिवतो, बूट फ्रिजमध्ये ठेवतो. आज सकाळपासून त्यानं काहीच केलेलं नाही. तो मरायला टेकलाय, आणि मला कुणी सांगत नाही.

दोन मिनिटं झाली म्हणून साहेब थांबवायला गेला, तर ही म्हणते, "नो, वेट! ही ड्रँक द वॉटर!"

पुढचे प्रश्न झाले, त्यात पण म्हातारं हे कुठनं ना कुठनं आलंच. सगळं संपल्यावर साहेब स्वतः तिला सोडायला दारापर्यंत आला आणि मान बाहेर काढून बघितलं. मी शपथेत होतो. उभा राहिलो आणि अगदी सज्जनासारखे हात जोडले.

साहेबानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वेनला म्हणला, "डॉक्टरला दाखवून घ्या."

*

मार्क आले, पाहिजे तेवढे. हिवाळ्यात वेन कॅनडाला गेली. पोरीच्या आजीनं तिला तिकडं नेऊन पोचवलं. जाताना वेननं सायकल आमच्या तळघरात ठेवली, सीट पार खाली करून.

पुढच्या उन्हाळ्यात मी परत इंगोलश्टाटला. रविवार, दुपारचे दोन, ताटात मटण वाढलेलं, आणि फोन वाजला. वेन. पोरगी शाळेत जाते, पण तोंड उघडत नाही. इंग्रजीचा एक शब्द नाही. घरी येऊन खुर्चीवर बसून राहते. नवऱ्यानं सगळे उपाय केले.

अश्विनीनं फोन माझ्या कानाला लावला. "आप्पा, पलीकडं ती आहे."

मी म्हणलं, हॅलो. पलीकडं नुसता श्वास. मग मागनं वेनचा आवाज आला, चिनीत. मी कोण ते तिनं सांगितलं असणार.

आणि मग पोरगी सुटली. मोडकंतोडकं, अर्धं चिनी, पण इंग्रजी. सायकल कळलं मला. मम्मी कळलं. शू, म्हणजे बूट, कळलं, ते तर दोनदा आलं. आवाज बारीक, पण आईपेक्षा तिखट. अश्विनी दुसऱ्या बाजूनं फोनला कान लावून उभी, डोळे भरलेले.

पोरगी श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात मी म्हणलं, "सॉरी."

ती परत बोलली, चांगलीच चिडून. अश्विनी हसायला लागली आणि तिनं भिंत धरली.

मी म्हणलं, "काय म्हणते?"

"म्हणते, मधे बोलू नका. दोन मिनिटं व्हायचीत."

तेव्हापासून दर रविवारी दोन वाजता फोन. आणि दंड म्हणून माझं मटण गार.