पडद्यावरून पुसलेले सासरे

मामांच्या फेरीबोटीवरच्या रडारचा पडदा मी स्वच्छ केला, इथून सगळी गडबड सुरू झाली. फडक्यानं पुसला असता तर बरं झालं असतं. पण मी पडलो शिकलेला. पडद्यावर मुरमांसारखे ठिपके दिसले, म्हणून लाटांचा कचरा घालवायचं बटण शेवटपर्यंत पिळलं. ठिपके गायब! माझ्या शिक्षणाचं सार्थक झाल्याचं मामांनी भर बोटीत जाहीर केलं.

मामांचा हिशोब सरळ: वस्तू चकचकीत दिसली की ती चालतेच. टोपी कडक, मिशी कडक; इंजिन मात्र म्हाताऱ्यासारखं खोकणारं. "हे यंत्र लहरी सोडतं, समोर काही असलं की त्या आपटून परत येतात," असं ते प्रत्येक नव्या प्रवाशाला, स्वतःच शोध लावल्याच्या थाटात सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. मामांनी ऐटीत बोट सोडली. तिकिटं फाडणारी मामी केबिनमध्ये आली.

"अहो, हळू घ्या. माझे आप्पा जाळं टाकायला गेलेत."

"अगं, बघ ना, पाणी साफ रिकामं आहे."

"मग मागे धक्क्याला बांधलेल्या लाकडी होड्या कुठायत ह्यात?"

मामांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बटणाकडे.

"दिवट्या! लाकडी होडी आधीच पुसट दिसते. लाटांबरोबर माझा सासराही पुसलास की रे!"

मी घाईघाईनं बटण उलटं फिरवलं. ठिपके परतले. बाकीचे लुकलुकत होते. एक मात्र जागचा हलेना, अगदी आमच्या नाकासमोर. मामांनी भोंगा दाबला, इंजिन उलटं टाकलं. धुक्यातून आधी शिव्या आल्या, मग होडीचं टोक, मग आप्पा. बोट त्यांना चाटून गेली आणि त्यांचं वल्हं काडकन मोडलं.

"जावई, एवढा टीव्ही लावलात, तरी मी दिसत नाही?"

"आता दिसलात ना, आप्पा!"

"लग्नानंतर पहिल्यांदाच!"

मामीनं दोर टाकून वडिलांना धक्क्यापर्यंत ओढत आणलं. नवं वल्हं उद्याच देतो, असा शब्द मामांनी सगळ्या प्रवाशांदेखत दिला. मामीनं आप्पांच्या होडीला उंच काठीवर पत्रा बांधला, म्हणजे रडारवर ठसठशीत दिसावेत.

दिसतात. हल्ली आप्पा फळीच्या तुकड्यानं होडी हाकतात, त्यामुळे तो ठिपका तिरकाच सरकतो आणि लांबूनच ओळखू येतो. तो दिसला की मामा बोट मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं नेतात. वल्हं अजून द्यायचंच आहे.