रामेश्वराला नेलेला गडू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारात वरचं वांगं मी कधी उचललं न्हाई, हात खाली घालून तळातलं काढायचं. लग्न होऊन निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "डोळे उघडे ठेव गं बाई." ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

आमचं गाव आष्टीपासून पायवाटेनं तासाभराचं. घरात मामंजी, सासूबाई, मामंजींची थोरली बहीण आणि आम्ही दोघं नवराबायको. या थोरल्या बहिणीला मी आत्या म्हणायची. लहान वयातच कुंकू पुसून माहेरी आलेली बाई, देवघर तिच्या ताब्यात. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या साली मामंजी काशीला जाऊन आले. येताना तांब्याच्या गडूत गंगा भरून, तोंडाला कथलाचा डाख लावून बंद करून आणली. रीत अशी की काशीची गंगा रामेश्वराच्या पिंडीवर घालायची आणि तिथली वाळू उलट काशीला नेऊन गंगेत सोडायची. त्याशिवाय यात्रा पुरी होत न्हाई. पण मामंजींना ताप आला आणि दोन महिन्यांत ते गेले. शेवटच्या घटकेला आत्यानं गडूकडं हात नेला तर त्यांनी मान हलवली. "ती देवाची हाय. माझी गंगा पोचवा," एवढंच बोलले. आम्ही त्यांच्या तोंडात विहिरीचं पाणी घातलं.

सासूबाईंनी त्या दिवसापासून गोड सोडलं. गंगा पिंडीवर पडल्याशिवाय जिभेला गोड लावणार न्हाई, असं देवापुढं बोलून बसल्या. सणाला पुरणपोळ्या करायच्या, आम्हाला तुपासंगं वाढायच्या आणि स्वतः भाकरीवर ठेचा घेऊन चुलीपाशी बसायच्या. मला ती पोळी गोड लागायची न्हाई.

आता माझं पाप सांगते. गावात कुणी जायच्या वाटेला लागलं की त्याच्या घरचं माणूस देवघराच्या दारात यायचं, "थेंबभर गंगा द्या हो." आत्या न्हाई म्हणायची. पण तिचा तो न्हाई मला फार मऊ वाटायचा. एकदा भर दुपारी ती पदराखाली फुलपात्र झाकून मागच्या दारानं गेली. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा विणकर मरायला टेकला होता, त्याच्याच घरात शिरली. झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हिनं गडू फोडला, निम्मी गंगा गावाला वाटली आणि वर आडाचं पाणी भरून ठेवलं, असं मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं.

मंग काय, आत्या केदारखेड्याला लग्नाला गेली तेव्हा मी गडू पिशवीत घातला, वर कल्हईची दोन पातेली ठेवली आणि आष्टीचा बाजार गाठला. कल्हईवाल्या चाचांनी गडू फिरवून पाहिला. "बाई, ये तो बंद है. काय कू खोलते?"

"तुम्ही खोला," मी म्हणाले.

खोलला तर गळ्यापर्यंत भरलेला. मला हायसं वाटायला पाहिजे होतं ना? न्हाई वाटलं. भरलाय खरा, पण कशानं, हा नवा किडा. वास घेतला, वास न्हाई. चव घ्यायचं धाडस झालं न्हाई. चाचांनी परत डाख लावायला घेतला तेव्हा चिमट्यातून गडू कलला आणि ओंजळभर पाणी भट्टीच्या राखेवर सांडलं. गडू हलवला तर आता डुबुक डुबुक वाजायचा, घरी कळलंच असतं. शेजारी चाचांची बादली होती, बाजारातल्या आडाच्या पाण्याची. मी तिच्यातून गडू भरला. चाचांनी मान हलवत नवा डाख लावला. मी गडू जागेवर नेऊन ठेवला आणि आत्यावर डोळा ठेवायचं काम पुढं चालू ठेवलं.

सहा वर्षं सासूबाईंनी वाट पाहिली. एका साली कापूस बरा झाला आणि आम्ही चौघं परतूरला गाडीत बसलो. हैद्राबाद, मद्रास, तिथून पुढं. गडू आत्याच्या मांडीवर, झोपेतसुद्धा. पांबनला गाडी समुद्रावरच्या पुलावर चढली. दोन्ही खिडक्यांत नुसतं पाणी. आमच्याकडं नदीला पाणी म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा, आणि इथं हे एवढं, तेही पिता येत न्हाई! मला ते फसवणुकीचंच वाटलं.

बेटावर काळी माती शोधून सापडेना. सगळी पांढरी वाळू, तिच्यात ताडाची झाडं आणि काटेरी बाभळी. बाभळ पाहून आमच्या ह्यांना बरं वाटलं, "हिथं बी हाय की!" आमच्या गुरवानं उतरायला ओसरी देणाऱ्या एका पुजाऱ्याचं घर सांगून ठेवलं होतं. तो चक्क मराठी बोलायला लागला. त्याचे पूर्वज म्हणे कैक पिढ्यांपूर्वी आपल्याकडून आलेले. त्याची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, अडखळत चालणारी. परमुलखात मराठी बोलतो म्हणजे नक्की लुबाडणार, असं मी ह्यांच्या कानात सांगितलं. त्यानं सकाळी आम्हाला नारळाच्या चटणीसंगं गरम इडल्या खाऊ घातल्या आणि काही मागितलं न्हाई. त्यामुळं संशय आणखी वाढला.

एका मठात पाण्यावर तरंगणारा दगड ठेवला होता, सेतूचा. लोक हात जोडत होते, मी बोटानं दाबला. बुडाला आणि परत वर आला. पोकळ असणार, मी म्हणाले. सासूबाई कडाडल्या, "देवाला तरी सोड गं!"

समुद्रात बुडी मारून आम्ही देवळात गेलो. केवढे ते लांबलचक सोपे! खांबामागं खांब, खांबामागं खांब, शेवटचा माणूस मुंगीएवढा दिसायचा. आत बावीस विहिरी. काठावर उभी माणसं बादली शेंदायची आणि धाडकन डोक्यावर ओतायची. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोडं, आणि दर विहिरीची चव वेगळी. मी प्रत्येकीचं चाखून पाहिलं. खरंच वेगळी होती. त्या एका गोष्टीत मला खोट सापडली न्हाई आणि त्या थंड पाण्याखाली मला एकदम रडू आलं. गडूतलं ते ओंजळभर आडाचं पाणी आठवलं.

कोरडी लुगडी नेसून आम्ही गाभाऱ्यासमोर आलो. पुजाऱ्यानं गडू हातात घेतला, डाखावरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला. "काशीचा डाख असा नसे," तो म्हणाला. "हें पात्र मध्ये उघडिलें काय? गडूवर हात ठेवोन सांगा."

सासूबाईंनी लगेच हात ठेवला. "कुणी न्हाई उघडला. माझ्या मालकाची गंगा हाय ती."

मंग तो माझ्याकडं वळला. माझा हात उचलेना. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं. आणि बाजूनं आत्या म्हणाली, "मी उघडला. गावात एक म्हातारा मरत होता, त्याला थेंब दिला."

पुजारी बिचारा म्हणाला, इथं दुकानात काशीचं बंद पात्र मिळतं, ते वाहा, देव घेतो. सासूबाई म्हणाल्या, "ती त्यांची गंगा न्हाई." गडू तसाच परत दिला गेला. सासूबाईंनी तो समुद्राच्या काठी नेऊन रिकामा केला, आणि आत्याशी बोलणं बंद केलं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला गेलो. एका अंगाला समुद्र निपचित, दुसऱ्या अंगाला खवळलेला, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. सासूबाई लांब बसून राह्यल्या. आत्या एकटीच पदरात सेतूची वाळू भरत होती. मी जवळ गेले. "तुम्ही न्हाई उघडला."

"रोज पुसते मी त्याला," ती वाळू चाळत म्हणाली. "केदारखेड्याहून आले त्याच दिवशी नवा डाख हाताला लागला. घरात दुसरं कोण हाय उघडणारं?"

"मंग ते फुलपात्र?"

"ताक होतं. त्याच्या घरात ताकसुद्धा नव्हतं गं."

"मंग तुम्ही सांगितलं का न्हाई?"

"तुला अजून पन्नास वर्षं तिच्या हाताखाली काढायचीत," आत्या म्हणाली. "माझी किती राह्यलीत?"

चार राह्यली होती. त्या चार वर्षांत मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. सांगितलं न्हाई. भित्री होते, दुसरं काय. आत्या अंथरुणाला खिळली आणि वेळ आली तेव्हा शेजारच्या मारवाडी काकूंनी वाटीत गंगा पाठवली. मी पळीत घेतली. दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या, "त्यांना कशाला? त्यांनी माझ्या मालकाची पिऊन घेतलीया."

तेव्हा मी बोलले. "आई, गडू मी उघडला होता. आष्टीच्या बाजारात. आत्यांनी न्हाई."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती, मीच आयुष्यभर तशी पाहत आले होते. "मरणाऱ्याचं पाप पदरात घेऊन पुण्य कमावती का?" त्या म्हणाल्या. "का त्यांनीच पढवलं तुला?"

मी देवाची शपथ घेतली, मागाहून झालेल्या मुलांची घेतली. त्यांचा विश्वास बसला न्हाई. पळीतली गंगा तोंडात घेऊन आत्या गेली. वाळूची पुरचुंडी देवघरात तशीच पडून आहे, ती काशीला न्यायचं कुणी नाव काढत न्हाई. संक्रांतीला मी सासूबाईंच्या तळहातावर तिळगूळ ठेवते. त्या तो घेतात, डोळ्यांना लावतात आणि परत माझ्या हातात देतात.