बोनेटवरचा नंबर

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. कॉलेजात असताना मी मोर्च्यांची पत्रकं लिहायचो, तिथून थेट पोलीस खात्यात आलो. त्यामुळे चीड पटकन यायची.

धायरीत तेव्हा शेतं जाऊन सोसायट्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका सोसायटीतून एका आजींची गाडी चोरीला गेली. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त जपानात होते, परतताना त्यांनी ती आणली होती. लाल, तीन दारांची, छोटी हॅचबॅक. दिसायला साधी, पण इंजिन शर्यतीच्या गाडीचं. यजमान वारल्यापासून ती पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली उभी असायची. वॉचमन म्हणाला, सकाळी क्रेन लावून टेम्पोवर चढवली, गॅरेजला चालली असेल म्हणून विचारलं नाही.

गॅरेज म्हणजे मेकॅनिक, एवढ्यावरून सोसायटीच्या चेअरमननी आजींना त्यांच्या गाडीची देखभाल करणाऱ्या पोराचं नाव द्यायला लावलं. फिर्यादीत ते संशयित म्हणून लागलं. मी चेअरमनना पुरावा विचारला. ते आमचाच चहा पीत म्हणाले, "अहो, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचा कसला पुरावा मागता?"

मेकॅनिक वर्ध्याकडचा, पंचविशीचा तरुण. कात्रजला राहायचा. चौकशीला आणला तेव्हा बाक रिकामा असूनही तो भिंतीशी उभा राहिला. एका वाहन कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल आमच्याच ठाण्यातून जायचा होता. आम्ही काहीही विचारलं तरी तो फिरून तिथंच यायचा. "साहेब, गाडी भेटो न भेटो, माझं नाव तेवढं काढून टाका जी."

मला काही गोष्टी खटकत होत्या. गाडीची एक किल्ली त्याच्याकडे असायची आणि दर रविवारी तो ती चालू करून ठेवायचा. मग त्याला क्रेन कशाला लागेल? शेजारच्या नव्याकोऱ्या गाड्या सोडून चोरानं हीच उचलली. जागेवर काचेचा तुकडाही नव्हता. गाड्या चोरणारे इतक्या मायेनं चोरत नाहीत. त्यात खबऱ्यानं सांगितलं, लाल गाडी चढवलेला टेम्पो खडकवासल्याकडे गेला. कात्रजकडे नाही.

चोरीच्या मालाची किंमत नोंदवावी लागते. आजींना ती ठाऊक नव्हती. आयटी कंपनीतले एक साहेब तीनदा गाडी बघून गेले होते, भंगाराचा भाव देत होते, पण मेकॅनिकनं घाई करू नका म्हटल्यामुळे दिली नाही, असं त्या म्हणाल्या. मी त्या साहेबांना मत द्यायला बोलावून घेतलं.

त्यांना न मागता खुर्ची मिळाली, चहा मिळाला. भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "सर, रंग दुसऱ्यांदा मारलाय, इंजिन बदललंय. जुन्या गाड्या जमवणाऱ्या कलेक्टरच्या दृष्टीनं व्हॅल्यू झीरो."

मग तीनदा कशाला गेलात, विचारलं तर म्हणाले, हौस.

खिडकीबाहेर आवारात जप्त गाड्या उन्हात पडलेल्या होत्या. आमचे हवालदार ब्रश घेऊन एका जीपच्या बोनेटवर पांढऱ्या ऑइल पेंटनं गुन्हा नंबर लिहीत होते. मी सहज म्हणालो, तुमची ती लाल गाडीही मिळेलच. मिळाली की असाच नंबर टाकायचा आणि खटला संपेपर्यंत इथंच उभी करायची.

त्यांनी कप खाली ठेवला. "डायरेक्ट बोनेटवर? अहो, तो कंपनीचा मूळ रंग आहे. एकदा ब्रश लागला की संपलं सगळं."

"दुसऱ्यांदा मारलाय म्हणालात ना?"

बाहेर ब्रश चालूच होता आणि त्यांचं लक्ष तिथून हटत नव्हतं. मग ते जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "निदान वरच्या कव्हरवर लिहा ना. जाड आहे ते."

"कुठलं कव्हर?" मी विचारलं. आजींची ताडपत्री चोरानं जागेवरच टाकली होती. पंचनामा करून आम्ही ती मुद्देमालाच्या खोलीत ठेवली होती. गाडीवर आता कुठलं कव्हर आहे, ते फक्त नेणाऱ्यालाच ठाऊक असणार.

पुढचं निवेदन त्यांनी पंचांसमोर दिलं. खडकवासल्याजवळच्या एका शेडमध्ये, नव्या करड्या कव्हराखाली गाडी मिळाली. मूळ रंग, मूळ इंजिन. देशात अशा मोजक्याच गाड्या होत्या आणि आयटीचा पैसा हातात आलेले शौकीन तिच्यासाठी फ्लॅटची किंमत द्यायला तयार होते. हे त्या साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वरिष्ठांनी हुकूम दिला, गाडी मौल्यवान आहे, बोनेटला हात लावू नका. नंबराचं कार्ड स्टिअरिंगला बांधलं आणि ती पोर्चच्या सावलीत ठेवली. पुढं कोर्टाच्या आदेशानं सुपुर्तनाम्यावर आजींना परत दिली.

मेकॅनिकचा संबंध नाही, असा अहवाल मी शनिवारीच पाठवला होता. पण फिर्यादीत नाव आहे एवढंच कारखान्याला पुरलं. त्यांनी दुसरा माणूस घेतला.

त्यानंतर नोकरीभर, संशयिताचं नाव सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारलं: स्वतः काय पाहिलंत? पुष्कळ मोठी माणसं त्यावर रागावून उठून गेली. जाऊ दे.

गाडी पोर्चमध्ये असतानाच तो मेकॅनिक एकदा आला होता. "माझं नाव खोडलं का जी?"

फिर्याद खोडता येत नाही, दोषारोपपत्रात तुझं नाव नसेल, असं मी त्याला समजावलं. तो गाडीपाशी गेला, लखलखीत बोनेट बघत राहिला.

"हिच्यावर नंबर नाही टाकला, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. "किंमत उतरते."