कोपरापासून मनगटापर्यंत
या मलमाचा मेणासारखा वास आला की परळच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. मी तिथे नवीनच नर्स म्हणून लागले होते. समोर माझ्याच वयाची एक ऑटिस्टिक मुलगी आईबरोबर बसली होती. एक्झिमाचे चट्टे खाजवून खाजवून तिच्या हातांची सालं निघाली होती. पंख्याची खडखड तिला सोसेना म्हणून मी तो बंद केला होता आणि आम्ही सगळ्याच घामाने कासावीस झालो होतो. मी बोटाच्या टोकाने अलगद मलम लावायला गेले की ती किंचाळून हात ओढून घ्यायची. "मॅडम, आज पण नाही लावू दिलं तर रात्री परत हातांना मोजे बांधायला लागतील," हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करणारी तिची आई म्हणाली. "मग ती रडते आणि मी पण." तेवढ्यात मुलीने ट्यूब हिसकावली, माझा हात पकडला आणि कोपरापासून मनगटापर्यंत, एकाच दिशेने, चांगलं दाबून मलम चोपडलं. मला कुणी हात लावलेला आवडत नाही, तरी मी तो मागे घेतला नाही. मग तिने स्वतःचा हात पुढे केला. मीही तसंच दाबून लावलं. ती शांत बसून राहिली. "अगं बाई, हिला दाबून पाहिजे होतं होय!" आई म्हणाली आणि पिशवीतले मोजे तिने आणखी खाली ढकलले. आता मलम लावू न देणारं कुणी आलं की मी आधी ट्यूब त्यांच्या हातात देते आणि माझा हात पुढे करते. कुणी हात लावलेला अजूनही आवडत नाही, तरी तो मागे घेत नाही.